डावखुरी चियो

"भाऊ, चियो डावखुरी झालीय," मी म्हटलं.

भाऊ गुर्जर टेबलावरच्या फोनवर हारवाल्याशी हुज्जत घालत होते. रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोण झालीय?"

"चियो. आपल्या पुस्तकातली मुलगी. पहिल्याच पानावर तिनं ब्रश डाव्या हातात धरलाय."

"मग? डावखुऱ्या मुली नसतात का? आमची धाकटी वहिनी डावखुरीच आहे. भाकऱ्या काय सुरेख थापते!"

मी पानं उलटत गेले. गावातला वैद्य डावखुरा, पोस्टमन डावखुरा, शाळेतले मास्तर फळ्यावर डाव्या हातानं लिहितायत. दुकानांच्या जपानी पाट्या आरशात बघावं तशा उलट्या. प्रेसमध्ये शाईचा आणि ताज्या कागदाचा वास दरवळत होता. एरवी तो वास मला फार आवडायचा. त्या दिवशी मी पुस्तक मिटून भाऊंसमोर टेबलावर ठेवलं.

"तुम्ही पानं फिरवलीत," मी म्हटलं. "मी नको म्हटलं होतं. तुम्ही कबूल केलं होतंत."

भाऊंनी फोन ठेवला. "हे बघ शर्वरी, आरडाओरडा करू नकोस. पोरं कामं करतायत तिकडे."

ही गोष्ट नव्वदनंतरच्या चार-पाच वर्षांतली. रविवारी सकाळी दूरदर्शनवर एक जपानी कार्टून हिंदीतून लागायचं आणि आख्ख्या पेठेतली पोरं आंघोळी टाकून टीव्हीपुढे बसायची. ते कार्टून जपानी आहे हे फारसं कुणाला ठाऊकही नव्हतं. भाऊंना होतं. भाऊंचं 'खारूताई' नावाचं मुलांचं मासिक होतं आणि पोरांना उद्या काय आवडणार आहे हे त्यांना आजच कळायचं, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. त्यांनी ठरवलं, आपण मराठीत जपानी चित्रकथा आणायची. आणि पुण्यात जपानी शिकवणाऱ्या आगाशे बाईंकडे ते भाषांतर करणारं माणूस मागायला आले. बाईंनी माझं नाव सांगितलं.

पुस्तक मी निवडलं होतं. हामासाकी तोशिए नावाच्या बाईंची चित्रकथा, पाच भागांची, सहावा यायचा होता. युद्धानंतरच्या एका खेड्यात वाढणारी चियो नावाची मुलगी, बास, एवढंच. मारामाऱ्या नाहीत, राक्षस नाहीत. चियो ही हामासाकी-सानची खरीखुरी धाकटी बहीण. सातव्या वर्षी तापानं गेली. मोठेपणी बहिणीनं तिला कागदावर परत आणलं आणि वाढवायला घेतलं. पहिल्या भागात चियो सात वर्षांची, पाचव्यात सोळा.

पहिल्या भागाच्या भाषांतरात माझी दोन वर्षं गेली. हामासाकी-सानशी टपालानं ओळख झाली, मग माया जडली. साठीला आलेली, एकटी राहणारी बाई. प्रकाशनाला पुण्यात येते म्हणाली. आणि उरलेले भाग माझ्या घरी राहून, माझ्या शेजारी बसून कर, असंही म्हणाली. वर्षभर जपान! माझा पासपोर्ट तयार होता. आईनं न्यायला लोणच्याची बरणीसुद्धा वेगळी काढून ठेवली होती. मी सव्वीस वर्षांची होते, बँकेत कारकुनी करत होते, आणि त्या पुस्तकाखेरीज मला आयुष्यात दुसरं काहीही नको होतं.

जपानी पुस्तक आपण जिथं संपवतो तिथून सुरू होतं. उजवीकडून डावीकडे वाचायचं. भाऊ सुरुवातीपासून म्हणत होते, छपाईच्या फिल्मा उलट्या लावू, पानं आपोआप डावीकडून उजवीकडे होतील. मी सांगितलं, तसं केलं तर सगळी माणसं डावखुरी होतील, आणि चित्रांना हात लावायचा नाही असं करारातच आहे. तेव्हा भाऊ म्हणाले होते, "बरं बाई, तुझ्या मनासारखं."

"तू व्यवहार बघ जरा," आता ते म्हणत होते. "उलटं छापलं असतं तर लोकांनी पुस्तकं परत आणून आपटली असती. बांधणी चुकलीय म्हणाले असते. दुकानदारांनी माझ्या नावानं शंख केला असता. आणि आपल्या पोरांना उलटं वाचायला शिकवायचं? कोण वाचणार आहे असं?"

"हामासाकी-सान संध्याकाळी स्टेजवर पुस्तक उघडणार आहेत भाऊ. त्यांना काय सांगायचं?"

भाऊ खुर्चीवरून उठले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "समारंभ पार पडू दे. मग मी स्वतः म्हातारीच्या पाया पडतो. माझी चूक, मी माफी मागतो. तू तोपर्यंत काही बोलू नकोस. तू फक्त भाषांतर कर."

माझा विश्वास बसला. माणूस डोक्यावर हात ठेवून बोलला की बसतो.

दुपारी हामासाकी-सानला आणायला गेस्ट हाउसवर गेले. तिनं दार उघडलं ते हसतच. लहानखुरी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, बोटांना कायमची शाई. "शर्वरी-चान, लवकर ये, लवकर!" चान म्हणजे आपल्याकडे घरातल्या मुलीला नावापुढे 'बाळ' लावतात ना, तसं; मोठ्यांना आणि परक्यांना 'सान'. जपानहून तिनं माझ्यासाठी सुती किमोनो आणला होता, निळ्या फुलांचा. संध्याकाळी तोच घालायचा असा हुकूम.

मी आरशासमोर उभी राहून तो गुंडाळायला लागले तर तिनं पटकन माझ्या हातावर चापटी मारली.

"अगं, तू जिवंत आहेस ना अजून?"

"का? काय चुकलं?"

"उजवी बाजू वर घेतलीस. डावी वर घ्यायची. नेहमी डावी वर. उजवी वर घेतात ती फक्त मेलेल्या माणसाची, चितेवर ठेवायच्या आधी." तिनं माझा किमोनो सोडला आणि नीट, डावी बाजू वर घेऊन, परत बांधायला घेतला. बांधता बांधता सहज म्हणाली, "चियोला मी बांधला होता तसा. आईला जमेना. मी अकरा वर्षांची होते. आई म्हणाली, उजवी वर घे गं तोशिए, विसरू नकोस. आणि मी मुद्दाम दोनदा डावी वर घेतली. दोन्ही वेळा आईनं सोडायला लावली."

मी आरशातून तिच्या हातांकडे बघत होते.

"म्हणून पुस्तकातलं पहिलं चित्र आठवतंय ना तुला? चियो सकाळी उठते आणि स्वतःचा किमोनो बांधते. डावी वर." तिनं माझ्या गळ्यापाशी कापड सारखं केलं. "ते चित्र काढायला मला वीस वर्षं धीर होत नव्हता. ते जमलं, मग बाकीचं सगळं सोपं गेलं."

सकाळी मी हात बघितले होते, पाट्या बघितल्या होत्या, किमोनोकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. फिल्म फिरवली म्हणजे किमोनोही सगळे फिरले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चियो प्रेताचा किमोनो घालून हसत होती, खेळत होती, शाळेत जात होती.

तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. आगाशे बाई न्यायला आल्या होत्या.

गाडीत हामासाकी-सान पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, खिडकीतून पुणं बघत. मी मागे बाईंच्या कानाशी लागून मराठीत सगळं सांगितलं. किमोनोचंसुद्धा. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"भाऊ बोलणार आहेत ना? मग तू मध्ये पडू नकोस."

"पण बाई, ती स्टेजवर उघडेल..."

"शर्वरी. दुभाष्याला स्वतःचं तोंड नसतं. किती वेळा सांगितलंय?"

हे वाक्य बाईंनी आमच्याकडून घोटून घेतलं होतं. त्यांचे नियम कडक. 'ते म्हणतात' असं म्हणायचं नाही, बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. शिवी दिली तर शिवी सांगायची. आणि कुणी दुभाष्यालाच काही विचारलं, तरी आपण उत्तर द्यायचं नाही, प्रश्न समोरच्याला सांगायचा, त्याचं उत्तर इकडे आणायचं. मी बाईंची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी होते. आणि बाईंचा जन्मभर खपून केलेला जपानी-मराठी शब्दकोश भाऊंच्या प्रेसमध्ये छपाईला होता. हे मला माहीत होतं, पण त्या वेळी ते आणि हे जोडायची अक्कल नव्हती.

सभागृह मुलांनी भरून गेलं होतं. सनई, हार, खारूताईचा मोठा पुठ्ठ्याचा पुतळा. निवेदकानं लाल फीत बांधलेलं पुस्तक हामासाकी-सानच्या हातात दिलं. तिनं सवयीनं ते उजवीकडून उघडलं. तिथं शेवटचं पान होतं. ती स्वतःशीच हसली, मान हलवली, आणि पुस्तक फिरवून डावीकडून उघडलं.

मी तिच्या शेजारीच उभी होते. तिचं हसू गेलं नाही. ते तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि मागचं सगळं निघून गेलं. बोट चित्रातल्या चियोच्या गळ्यापाशी गेलं आणि तिथंच थांबलं. खाली पोरं टाळ्या पिटत होती. मग तिनं पुस्तक मिटलं, छातीशी धरलं, आणि कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला. दोन वाक्यं बोलली, आभाराची. मी ती मराठीत सांगितली.

स्टेजमागच्या खोलीत चहाचे कप आणि बटाटेवडे मांडून ठेवले होते. आम्ही चौघंच होतो. हामासाकी-सान, भाऊ, आगाशे बाई आणि मी. बसायला कुणी तयार नव्हतं.

हामासाकी-सान भाऊंकडे बघून बोलली. आवाज चढवला नाही. "माझ्या बहिणीला तुम्ही हे का केलंत?"

मी मराठीत सांगितलं. "माझ्या बहिणीला तुम्ही हे का केलंत?" आणि भाऊंकडे पाहिलं. आता हे माफी मागतील. सकाळपासून मी त्याच एका वाक्याची वाट बघत होते.

भाऊंनी हात जोडले. "मी तुमची मनापासून माफी मागतो."

सुटले! मी ते लगेच जपानीत सांगितलं. हामासाकी-साननं मान किंचित खाली केली.

"पण," भाऊ म्हणाले, "मला तुमच्या रीतीभाती कुठून कळणार? मी साधा प्रकाशक. जपानी येतं ते हिला." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "या मुलीनं सांगितलं, मराठीसाठी पानं फिरवून घ्या, चालतं, जपानी लोकांची हरकत नसते. मी हिच्यावर विश्वास ठेवला. ही चूक या मुलीची आहे."

मी भाऊंकडे बघत राहिले. त्यांनी नजर वळवली नाही. बटाटेवड्याची ताटली उचलली आणि परत ठेवली, एवढंच.

"सांग ना," भाऊ म्हणाले. "भाषांतर कर."

मी बाईंकडे पाहिलं. बाईंना जपानी येत होतं, मराठी येत होतं, सकाळपासूनचं सगळं ठाऊक होतं. बाई चहाच्या कपाकडे बघत होत्या.

आणि मी भाषांतर केलं. मी साधा प्रकाशक, म्हटलं. या मुलीनं मला सांगितलं म्हटलं. मी हिच्यावर विश्वास ठेवला, म्हटलं. ही चूक या मुलीची आहे. माझ्या तोंडातला 'मी' भाऊ होते आणि 'ही मुलगी' मी होते. एक शब्द गाळला नाही. कान नुसते पेटले होते, आणि जीभ शिकवल्यासारखी चालली होती.

हामासाकी-सान भाऊंकडे बघतच नव्हती. माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मग एक पाऊल पुढे आली.

"शर्वरी-चान," तिनं विचारलं, "होन्तो देस का?"

खरं आहे का?

मला विचारलं होतं. माझं नाव घेऊन, मला. जगात दुसरं कुणी तिला ते सांगू शकत नव्हतं. आणि मी, पाच वर्षं घोटलेली हुशार विद्यार्थिनी, भाऊंकडे वळले आणि म्हणाले, "हे खरं आहे का?"

भाऊ एक क्षण गडबडले. मग म्हणाले, "हो. अगदी खरं आहे."

मी परत तिच्याकडे वळले. "हाइ," मी म्हणाले. "होन्तो देस."

हो. खरं आहे. माझ्याच आवाजात, माझ्याच तोंडानं, तिच्या डोळ्यांत बघून.

तिचा चेहरा मिटला. ती मागे सरकली, हात मांडीवर ठेवून वाकली, खूप खाली, परक्या माणसाला वाकतात तशी. "टिपणीस-सान," ती म्हणाली. माझं आडनाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. "आपण फार कष्ट घेतलेत. आभारी आहे."

याचं भाषांतर करायला कुणी सांगितलं नाही.

ती गेल्यावर मी खोलीतच उभी होते, निळ्या फुलांच्या त्या किमोनोत. आगाशे बाई जवळ आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला. "एक शब्द इकडचा तिकडे केला नाहीस," त्या म्हणाल्या. "शाब्बास." आजही कुणी शाब्बास म्हणालं की माझ्या अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर तिनं मला येऊ दिलं नाही. महिन्याभरात करार रद्द झाला, पुस्तकं रद्दीत गेली. मी पत्रं पाठवली, सगळं लिहून पाठवलं. ती न उघडता परत आली. आई लोणच्याच्या बरणीबद्दल काही बोलली नाही, एक दिवस ती नेहमीच्या फळीवर दिसली. बाईंचा शब्दकोश मात्र दिवाळीत निघाला, कापडी बांधणीत, छान.

आणि सहावा भाग आला नाही. मी वर्षानुवर्षं वाट बघितली, जपानहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. हामासाकी-साननं नंतर फुलं काढली, मांजरं काढली, पण चियो परत काढली नाही. चियो सोळाव्या वर्षीच राहिली. मग एक दिवस कॉम्प्युटरवर वाचलं, हामासाकी-सान गेली.

मधल्या काळात जग फिरलं. आधी चोवीस तासांचे कार्टून चॅनेल आले, मग मोबाइल. मी बँक सोडून जपानी शिकवायला लागले, तर माझ्याकडे येणारी पोरं आधीच निम्मं जपानी शिकून आलेली. कुठं शिकलात, विचारलं की म्हणायची, कार्टून बघून. उजवीकडून उघडायची पुस्तकं पुण्यातल्या दुकानांत ढिगानं मिळायला लागली. कुणीही ती बांधणी चुकली म्हणून परत आणून दिली नाहीत.

गेल्या वर्षी माझे विद्यार्थी मला हट्टानं त्यांच्या जपानी कार्टूनवेड्यांच्या मेळाव्याला घेऊन गेले. सभागृह तेच. निळ्या-गुलाबी केसांचे टोप घातलेली पोरंपोरी खच्चून भरलेली. आणि स्टेजवर, काठी टेकत, भाऊ गुर्जर. शाल, श्रीफळ, मानपत्र. 'मराठीत जपानी चित्रकथा सर्वप्रथम आणणारे द्रष्टे प्रकाशक.'

भाऊ झकास बोलले. वयानं आवाज जरा चिरका झालाय, पण फिरक्या त्याच. "अहो, पहिलं पुस्तक आमचं उलटंच छापलं गेलं! आमच्या दुभाषीबाईंनी असा काही घोळ घातला की ती जपानी म्हातारी रडत मायदेशी गेली!" पोरं खो खो हसली. त्यांच्याकडे बघून मला कळलं, हा माणूस आता खोटं बोलत नाहीये. इतकी वर्षं सांगून सांगून त्याचं त्यालाच ते खरं वाटतंय.

मग त्यांनी मला पाहिलं. "अरे, या काय, इथंच बसल्यात! उठा, उठा बाई. पोरांसाठी दोन शब्द जपानीत बोला. तेव्हा उलटं केलंत, आता सुलटं बोला!"

परत हशा. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. मी उभी राहिले. जपानीत काय बोलायचं हे मला शोधावं लागलं नाही. ते वाक्य किती वर्षं तोंडात घेऊन मी फिरत होते.

"इइए," मी म्हणाले. "होन्तो देवा अरिमासेन."

नाही. ते खरं नाही.

हशा थांबला. पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत, रंगीत टोपांखालचे सगळे चेहरे माझ्याकडे वळले. त्यांना कळलं होतं. अख्ख्या सभागृहात कळलं नव्हतं ते एकट्या भाऊंना. ते हसत होते, आणि एकटेच टाळ्या वाजवत होते.

टाळ्यांना कुणाची साथ मिळेना, तेव्हा ते निवेदन करणाऱ्या मुलीकडे वळले. "काय म्हणाल्या गं त्या?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मग माइक खाली केला. "ते तुम्ही त्यांनाच विचारा," ती म्हणाली.

"अहो, मराठीत सांगा की!" भाऊ स्टेजवरून ओरडले.

मी सांगितलं नाही. माइक परत दिला आणि खाली बसले. मला ते जिला सांगायचं होतं, ती ऐकायला नव्हती.